सांध्याचे चित्र : एका तपासणीचा इतिहास आणि रुग्णाची भाषा

मराठी व्याकरण शिकवताना आम्ही ज्याला संधी म्हणतो आणि गुडघा दुखू लागला की आपण ज्याला सांधा म्हणतो, ते दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. दोन गोष्टी जिथे मिळतात आणि मिळूनही हलत्या राहतात, ती जागा म्हणजे संधी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देहातील असे २१० संधी मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. या प्रकारांची नावे पाहण्यासारखी आहेत. खुब्याचा सांधा तो उलूखल, म्हणजे आपले उखळ. कवटीच्या हाडांची जोड ती तुन्नसेवनी, म्हणजे शिवण. खांद्याचा सांधा सामुद्ग, म्हणजे डबी. जबड्याचा वायसतुण्ड, म्हणजे कावळ्याची चोच. सांध्यातील स्निग्ध द्रवाचे काम सांगताना तर त्या ग्रंथात गाडीच्या चाकाचा आणि वंगण दिलेल्या आसाचा दृष्टान्त येतो. शास्त्र वैद्याचे असले तरी त्यातली नावे ऐकणाऱ्याच्या घरातून, अंगणातून आणि रस्त्यावरून उचललेली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

आमच्या परभणी जिल्ह्यातील बोलीतही सांध्याविषयीचे शब्द मुबलक आहेत. गुडघ्याला वाटी असते, त्यात गादी असते, वंगण असते आणि ते ‘संपते’. सांधा लचकतो, मुरगळतो, आखडतो, निखळतो, धरतो. हे शब्द कष्टातून आले आहेत. गंगाखेड हे परंपरेने जनाबाईंचे जन्मस्थान. त्यांच्या नावाशी जाते कायमचे जोडले गेले आहे, आणि जाते ओढणे म्हणजे खांदा, कोपर आणि मनगट यांचा रोजचा व्यायाम नव्हे, झीज. कापसाची वेचणी, उसाची तोड, डोक्यावरची घागर, तालमीतली कुस्ती, कबड्डीतला पाय ओढला जाणे या सगळ्यांनी सांध्याच्या दुःखाला शब्द पुरवले. परंतु हा शब्दसंपन्न माणूस जेव्हा मोठ्या शहरातील तपासणी केंद्राच्या दाराशी पोचतो आणि त्याला सांगितले जाते की ‘तुमच्या खांद्यात डाय सोडून एमआरआय करायचा आहे, इथे सही करा’, तेव्हा त्याची भाषा त्या दाराबाहेरच राहते. आत काय होणार, किती दुखणार, अंगात गेलेले औषध पुढे कुठे जाणार, घरी कधी जाता येणार, हे त्याला माहीत नसते. विचारायचे कसे हेही त्याला कळत नाही.

या तपासणीला आर्थ्रोग्राफी म्हणतात. सांध्यात किंवा शिरेत एक औषध सोडायचे आणि मग सांध्याचे चित्र घ्यायचे, एवढेच तिचे स्वरूप. या लेखात तिचा इतिहास थोडक्यात मांडावा, रुग्णाची भाषा त्या इतिहासातून कशी गळाली ते पाहावे आणि शेवटी रुग्णाने नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी हे साध्या मराठीत सांगून पाहावे, असा आमचा विचार आहे. आम्ही वैद्यकाचे नव्हे, मराठीचे अध्यापक आहोत. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच भाषेचा आहे, असे आम्हांस वाटते.

चित्रातली रिकामी जागा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना त्या अनोळखी किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या, बेर्था यांच्या, हाताचे चित्र घेतले. अंगठी घातलेल्या त्या हाताचे चित्र आज जगभर परिचित आहे. ते पाहून आपण आपला मृत्यूच पाहिला असे बेर्था यांनी म्हटल्याची आख्यायिका आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या चित्रातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यात बोटांची हाडे दिसतात, परंतु सांधे दिसत नाहीत. दोन हाडांच्या टोकांमध्ये केवळ एक मोकळी फट दिसते. त्या फटीत कूर्चा असते, द्रव असतो, भोवती पिशवीसारखे आवरण असते, अस्थिबंध असतात. या किरणांना मात्र ते सारे सारखेच वाटते. सांधा म्हणजे हाडे जिथे संपतात ती रिकामी जागा, असाच या नव्या विद्येचा पहिला निर्वाळा होता.

राँटगेन यांनी किरणांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीने त्या अक्षराचे लिप्यंतर न करता त्याचा अर्थ ओळखला आणि आपल्या बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर पुढे केले. म्हणून ते झाले ‘क्ष-किरण’. पारिभाषिक शब्द घडवण्याचे इतके समजूतदार उदाहरण क्वचितच सापडेल. गंमत अशी की ज्याच्यासाठी तो शब्द घडला त्या सामान्य माणसाने तोही घेतला नाही. तो म्हणतो, ‘हाताचा फोटो काढला.’ त्याच्या दृष्टीने ते चित्र होते आणि चित्राला फोटो हा शब्द त्याच्यापाशी आधीच होता.

हे किरण आपल्या उपखंडात लवकर पोचले. १८९७–९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधण्यासाठी हे यंत्र वापरले. गोळी आणि मोडलेले हाड या दोन्ही गोष्टी या किरणांना उत्तम दिसतात. रणभूमीला तेवढे पुरेसे होते. शेतकऱ्याच्या आणि मल्लाच्या सांध्याला पुरेसे नव्हते.

पोकळी भरण्याचे प्रयत्न

जे दिसत नाही ते दिसावे यासाठी त्यात वेगळे दिसणारे काही तरी भरावे, ही कल्पना अगदी लवकर सुचली. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्ना येथे हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका हाताच्या रक्तवाहिन्यांत खनिजमिश्रित लगदा भरून त्यांचे चित्र घेतले. तो हात मृत होता. या विद्येतील पहिल्या ‘रुग्णा’ला वेदना होण्याचा प्रश्नच नव्हता.

जिवंत सांध्याची पाळी १९०५ मध्ये आली. वेर्नडॉर्फ आणि रॉबिन्सन यांनी गुडघ्यात वायू भरून त्याचे चित्र घेतले. वायू काळा दिसतो, ऊती करड्या दिसतात आणि त्या फरकाने सांध्याच्या पिशवीची कड उमटते. युक्ती साधी होती, पण फुगवलेल्या गुडघ्याची कळ आणि वायू रक्तात शिरण्याची भीती या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या वाट्याला आल्या. १९२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिकार आणि फॉरेस्तिए यांनी अफूच्या बियांच्या, म्हणजे खसखशीच्या, तेलात आयोडीन मिसळलेले औषध शरीरातील पोकळ्या दाखवण्यासाठी वापरात आणले. ते ठळक दिसे, पण तेलकट असल्याने जिथे घातले तिथेच दीर्घकाळ रेंगाळे. पुढे थोरियमयुक्त थोरोट्रास्ट आले. ते टोचताना त्रास होत नसे आणि चित्रही सुरेख येई, म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकांत, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या चित्रांसाठी, ते खूप वापरले गेले. परंतु ते किरणोत्सर्गी होते, यकृतात आणि प्लीहेत जन्मभर साठून राहत होते, आणि वर्षानुवर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवत होता. टोचताना दुखत नाही म्हणजे औषध निर्धोक आहे असे नव्हे, हा धडा या विद्येने रुग्णांच्या देहांवर गिरवला.

१९२९ मध्ये पाण्यात विरघळणारे आणि लघवीवाटे निघून जाणारे आयोडीनयुक्त औषध बर्लिनमध्ये मोझेस स्विक यांच्या प्रयोगांतून उपयोगात आले. ‘आत घातलेले पुन्हा बाहेर जाईल’ हे आश्वासन रुग्णाला यानंतरच देता येऊ लागले. अशा औषधांच्या आधारे स्वीडनमधील कनुट लिंडब्लोम यांनी १९४८ मध्ये गुडघ्याच्या आर्थ्रोग्राफीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे गुडघ्यातील गादी कुठे फाटली आहे हे चिरफाड न करता सांगणे शक्य होऊ लागले.

तरीही एक अडचण राहिली होती. ही औषधे शरीरातील द्रवांपेक्षा कितीतरी पट तीव्र असल्यामुळे टोचल्यावर आग होई. याचे उत्तर स्वीडनच्याच टॉर्स्टन आल्मेन यांनी शोधले. कमीजास्त खारट समुद्रात पोहताना डोळे उघडले असता आग कमीजास्त होते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. डोळे चुरचुरतात ते खारेपणाच्या तीव्रतेमुळे, मग औषधाची तीव्रता उतरवली तर रुग्णाची आगही उतरेल, हा विचार त्यांनी १९६९ मध्ये मांडला. आज शिरेत आणि सांध्यात सुरक्षितपणे वापरली जाणारी आयोडीनयुक्त औषधे या विचाराची अपत्ये आहेत. या साऱ्या इतिहासात आम्हांला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतरांनी ‘चित्र अधिक स्पष्ट कसे येईल’ असे विचारले होते. आल्मेन यांनी ‘आग का होते’ असे विचारले, आणि रुग्णाचा हा प्रश्न विज्ञानाचा प्रश्न होऊ शकला.

पुढचा भाग वेगाने घडला. १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय चित्रणाची रीत दाखवली, आणि तिच्यासाठी २००३ चे नोबेल त्यांना पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह मिळाले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने ऊतींमधील पाण्याचे चित्र घेतले जाते. त्यामुळे जी फट राँटगेन यांना रिकामी दिसली होती, ती प्रथमच आतून भरलेली दिसली. तिला आणखी उठाव देण्यासाठी गॅडोलिनियम या मूलद्रव्याची संयुगे १९८० च्या दशकात आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेच औषध अतिशय पातळ करून सांध्यात सोडण्याची पद्धत रुळू लागली. आजची एमआर आर्थ्रोग्राफी ती हीच.

परभणीचा रुग्ण आणि तीन भाषा

हा इतिहास युरोपात घडत होता तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग झाला आणि मोठ्या दुखण्याची वाट हैदराबादेकडे वळली. तिथे आधुनिक वैद्यकाची परंपरा जुनी होती. १८४६ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत आरंभी उर्दूतून शिकवले जाई. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्यासाठी आधीच, १९१७ मध्ये, दारुल तर्जुमा हे भाषांतर केंद्र उघडण्यात आले होते, आणि पुढे तेथे वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. आधुनिक विद्या भारतीय भाषेत आणण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्याचे श्रेय त्याला द्यावयासच हवे. परंतु तेथील परिभाषा अरबी-फारसी धातूंवर रचलेली होती. ती डॉक्टरांना उपयोगी पडली तरी परभणीच्या किंवा जिंतूरच्या मराठी शेतकऱ्याला तिचा आधार नव्हता. बी. रघुनाथांसारखा मराठीचा श्रेष्ठ लेखक (१९१३–१९५३) निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असे. त्या काळचे कचेरीचे जग आणि लेखणीचे जग यांतले अंतर त्यावरून लक्षात यावे. उर्दूने आपल्याला काही शब्द मात्र कायमचे दिले. ‘दवाखाना’, ‘इलाज’, ‘जखम’, ‘मलम’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आज मराठीच आहेत. ते टिकले, कारण ते परिभाषा म्हणून न येता बोलण्यातून आले.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत वेगळा प्रवाह होता. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती माध्यमांचे वर्ग निघाले होते. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीतून वैद्यकावर लिहिले. हा प्रवाह पुढे आटला, आणि मराठवाड्यापर्यंत तर तो पोचलाच नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. वैद्यकाच्या शिक्षणाची भाषा उर्दू जाऊन इंग्रजी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. औरंगाबादेत १९५६ मध्ये, अंबाजोगाईत १९७० च्या दशकात, नांदेडात १९८८ मध्ये आणि अखेर परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दवाखाना जवळ आला, हे मोठे काम झाले. भाषा संचालनालयाने पारिभाषिक कोश काढले, त्यात वैद्यकाच्या शाखाही आल्या. परंतु संमतिपत्र इंग्रजीत आहे, अहवाल इंग्रजीत आहे, आणि कोशातला ‘संधिचित्रण’ हा साचा रुग्णाला ‘आर्थ्रोग्राम’इतकाच परका आहे. राज्यकर्ते बदलले तसे उर्दूच्या जागी इंग्रजी आणि इंग्रजीच्या शेजारी संस्कृतप्रचुर परिभाषा आली. रुग्ण तिघींच्याही बाहेरच राहिला.

आमचे म्हणणे इथे स्पष्ट करू. रुग्णाला नवे शब्द घडवून देण्याची गरज नाही. एमआरआय, इंजेक्शन, रिपोर्ट हे शब्द त्याने स्वीकारले आहेत. त्याला हवी आहेत वाक्ये. आधी काय होईल, मग काय होईल, केव्हा दुखेल आणि केव्हा थांबेल, ही कथनाची क्रमवार वाक्ये. सुश्रुताने उखळ म्हटले तेव्हा त्याने संज्ञा दिलीच, पण त्याहून अधिक म्हणजे ऐकणाऱ्याला आपल्या जागेवरून पाहू दिले. आजच्या औषधालाही ‘डाय’ म्हटल्याने रुग्णाची दिशाभूल होते. हे औषध रंग नव्हे, त्याने काही रंगत नाही. चित्रकलेत आपण ‘उठाव’ म्हणतो, तेच त्याचे काम आहे. ‘उठाव आणणारे औषध’ एवढे म्हटले तरी निम्मी भीती जाते.

रुग्णाने काय अपेक्षावे

प्रथम हे समजून घ्यावे की प्रत्येक दुखऱ्या सांध्याला ही तपासणी लागत नाही. उतारवयात झिजलेल्या गुडघ्याला उभ्याने घेतलेला साधा एक्स-रे बहुधा पुरतो. वारंवार निखळणारा खांदा, खुब्याच्या खोबणीची फाटलेली कड, मनगटातील बारीक अस्थिबंध, पूर्वी गादीची शस्त्रक्रिया झालेला गुडघा अशा ठिकाणी सांध्यात औषध सोडून चित्र घेतात. सांध्याचा क्षय, पू होणे, संधिवाताची सूज किंवा गाठ यांचा संशय असेल तर औषध सांध्यात न देता हाताच्या शिरेत देतात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ‘या तपासणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, आणि औषध सांध्यात की शिरेत?’

जाण्यापूर्वी सांगण्याच्या गोष्टी अशा : पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दमा आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह आहे का, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, त्या सांध्याच्या कातडीवर फोड किंवा जखम आहे का. एमआरआय असेल तर हृदयातील पेसमेकर, कानातील किंवा मेंदूतील बसवलेले उपकरण, वेल्डिंग करताना डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती लपवू नये. मोडलेल्या हाडात बसवलेली सळई बहुधा चालते, पण तीही सांगावी. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, चांदीचा करदोडा, ताईत, केसांतील पिना, मोबाईल हे सारे बाहेर ठेवावे लागते. मंगळसूत्र काढावे लागेल हे आदल्या दिवशी सांगितले तर ती साधी सूचना ठरते. तेच ऐन दारात सांगितले तर बाईच्या मनाला ते लागते.

सांध्यातील औषधासाठी रुग्णाला टेबलावर निजवतात. कातडी औषधाने स्वच्छ करून निर्जंतुक कापड घालतात. आधी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, ते काही क्षण चुरचुरते. मग एक्स-रेच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीवर पाहत बारीक सुई सांध्याच्या पिशवीत नेतात. या वेळी दाब जाणवतो, तीव्र कळ येऊ नये. आली तर सांगावे. पडद्यावर पाहत असतील तर सुई योग्य जागी आहे याची खात्री करण्यासाठी आयोडीनयुक्त औषधाचे थोडे थेंब सोडतात, मग पातळ केलेले गॅडोलिनियम. ते मूळ औषधाच्या सुमारे दोनशे ते अडीचशे पट पातळ असते. मनगटात ३–४ मिलीलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतके. खांद्यात १०–१५ मिलीलिटर, म्हणजे दोन-तीन चमचे. गुडघ्यात त्याहून अधिक, ३०–४० मिलीलिटरपर्यंत. सांधा भरल्यासारखा, तट्ट झाल्यासारखा वाटतो. तो बिघाड नसतो, पिशवी ताणली गेल्याची ती खूण असते. चित्राला उठाव येतो तो या ताणामुळेच.

औषध सांध्यातून हळूहळू झिरपून जात असल्याने त्यानंतर लवकरच एमआरआयला नेतात. ते यंत्र बोगद्यासारखे असते. आत ठोकल्यासारखा, घरघरल्यासारखा मोठा आवाज होतो, कानांत बोळे किंवा हेडफोन देतात. साधारण अर्धा ते पाऊण तास न हलता पडावे लागते. हातात दाबण्याचा फुगा देतात, घाबरल्यास तो दाबावा. यंत्रातून वेदना होत नाही. कोंदट जागेची भीती असेल तर आधीच बोलावे.

औषध शिरेत दिले तर हातात गारवा किंवा तोंडाला किंचित धातूची चव जाणवू शकते. सीटीसाठी आयोडीनयुक्त औषध शिरेत दिले तर अंगभर ऊब पसरते आणि नकळत लघवी झाल्याचा भास होतो. हा भास आहे, हे आधी न सांगितल्यामुळे अनेक स्त्री-पुरुष शरमून जातात. एका वाक्याने ही शरम टळते.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस सांधा जड व दुखरा राहतो. बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी पुरते. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, ओझे उचलू नये, तालीम करू नये. औषध साधारण दिवसाभरात शोषले जाते आणि लघवीवाटे जाते. अंगावर गांधी, खाज, धाप लागणे हे लगेच दिसले तर तिथेच सांगावे. दुखणे उतरण्याऐवजी वाढले, सांधा लाल आणि गरम झाला, ताप आला तर थांबू नये. सांध्यात जंतू शिरणे फार क्वचित घडते, पण घडल्यास उशीर परवडत नाही.

मूत्रपिंडाविषयीचा प्रश्न आम्ही वर का घातला, त्यालाही इतिहास आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे आखडून जाण्याचा एक भयंकर विकार शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियमशी निगडित असल्याचे २००६ मध्ये लक्षात आले. तेव्हापासून तपासणीपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहण्याची सावधगिरी आली. २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी यांपैकी काही औषधांच्या शिरेतील वापरावर बंधने आणली. सांध्यात द्यावयाची मात्रा अत्यल्प असल्याने तो वापर मात्र चालू ठेवला. थोरोट्रास्टचा धडा या वेळी लवकर आठवला, असे म्हणता येईल.

संमती म्हणजे काय

रुग्णाला हे सारे सांगणे ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केले की संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. प्रक्रिया कोणती, कशासाठी, पर्याय कोणते, ठळक धोके कोणते हे त्याला कळले पाहिजे. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे, हेही त्या निकालात आहे. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर उठवलेला अंगठा या कसोटीला कसा उतरेल, याचे उत्तर आम्हांला सापडत नाही.

डॉक्टरांना वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. एका दिवसात शंभर रुग्ण पाहणाऱ्याने प्रत्येकाला वर लिहिलेले सारे सांगावे अशी अपेक्षा अन्यायाची होईल. म्हणूनच ते लिहिलेले असावे, आणि ते लिहिण्याचे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. भाषेच्या विभागांत आम्ही वर्षानुवर्षे निबंध, सारांशलेखन, व्यावहारिक मराठी शिकवतो. अर्जाचे आणि जाहिरातीचे नमुने विद्यार्थ्यांकडून घोटून घेतो. त्याऐवजी एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांसोबत बसून एका तपासणीचे एक पान लिहावे. डॉक्टरांनी त्यातली चूक काढावी आणि मग ते पान एखाद्या न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवावे. तो जिथे ‘म्हणजे?’ असे विचारील, ते वाक्य पुन्हा लिहावे. भाषांतराची याहून कठोर परीक्षा आम्हांस ठाऊक नाही, आणि दारुल तर्जुमापासून आपल्या पारिभाषिक कोशांपर्यंत कुणी ती घेतल्याचे दिसत नाही.

सांध्याच्या चित्रणाची विद्या शंभराहून अधिक वर्षांत रिकाम्या फटीपासून तंतूपर्यंत पोचली. तिच्यातील सर्वांत मोठी सुधारणा ‘आग का होते’ या प्रश्नातून झाली, हे आपण पाहिले. परभणीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी परक्या शहरातील तपासणी केंद्रात बसलेल्या माणसाच्या मनातही तोच प्रश्न असतो. त्याला तो आपल्या भाषेत विचारता यावा आणि त्याच भाषेत त्याचे उत्तर मिळावे, एवढीच सुधारणा आता बाकी आहे. तिला कोणतेही यंत्र लागत नाही.